व्यंगचित्रकाराचे व्हायोलिन



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हापासून मला दोन तऱ्हेचे लोक भेटत आहेत. एक विचारतात, ‘काय, हसायला यायचे ना?’ दुसरे विचारतात, ‘बरोबर पेटी-तबला आहे का?’ दोघांचीही आज थोडी निराशा होणार आहे. पेटी नाही, तबला नाही, आणि चित्रे दाखविण्यासाठी पडदा लावण्याचा बेतही या उघड्यावरच्या वाऱ्याने हाणून पाडला. तेव्हा चित्रे मी शब्दांनी सांगणार आणि आपण ती मनात काढावयाची. व्यंगचित्राच्या बाबतीत हे तितकेसे अवघड नाही. चांगले व्यंगचित्र शेजाऱ्याला तोंडी सांगता येते, आणि सांगताना आपण पुन्हा हसतो.

माझा प्रश्न साधा आहे. लहानपणी ज्याच्या कानावर आणि हातावर संगीताचे संस्कार झाले, त्याने पुढे संगीत सोडून चित्रांचा धंदा पत्करला, तर त्या संगीताचे काय होते? या सभेत असे आईबाप खात्रीने बसले असतील की ज्यांनी मुलाला पाच वर्षे तबल्याला घातले, फी भरली, पावसापाण्यात छत्री घेऊन पोहोचविले, आणि सहाव्या वर्षी मुलाने सांगितले, ‘मला चित्रे काढायची आहेत.’ घरात त्या दिवशी एकच शब्द उच्चारला जातो. ‘वाया गेले.’ हा शब्द खरा की खोटा, हे मी तत्त्वज्ञानाने सांगणार नाही. एका माणसाची हकीकत सांगणार आहे.

त्याचे नाव लायोनेल फायनिंगर. आपल्यापैकी चित्रकलेच्या अभ्यासकांना तो ठाऊक असेल तो मोठा चित्रकार म्हणून, जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचा पहिल्या दिवसांपासूनचा अध्यापक म्हणून. परंतु त्याच्या उमेदीची पंधराएक वर्षे गेली ती साप्ताहिकांतली व्यंगचित्रे आणि वृत्तपत्रातल्या रविवारच्या हास्यचित्रमालिका काढण्यात. चरित्रकार पुष्कळदा ही वर्षे चार ओळींत आटोपतात. जणू थोर पुरुषाने तरुणपणी विड्या ओढल्या होत्या, तसे काहीतरी! मला तीच वर्षे महत्त्वाची वाटतात.

फायनिंगर जन्मला १७ जुलै १८७१ रोजी, न्यूयॉर्क शहरी. वडील कार्ल हे जर्मन कुळातले व्हायोलिनवादक, आई एलिझाबेथ गायिका. म्हणजे आपल्याकडे एखाद्या मिरजेच्या घरात जसे सकाळी उठल्याबरोबर तंबोऱ्याचा षड्ज कानी पडावा, तसे ते घर. नऊ वर्षांच्या वयात वडिलांनी त्याच्या हाती व्हायोलिन दिले आणि ते स्वतः शिकवू लागले. वडील हेच गुरू असले म्हणजे काय होते ते घराण्यांतल्या मुलांना विचारावे. शाळा सुटते, पण तालीम सुटत नाही.

मुलगा वाजवीत होता, चांगले वाजवीत होता. पण त्याचे डोळे दुसरीकडे असत. न्यूयॉर्कच्या रुळांवरून धूर सोडीत जाणारी आगगाडीची इंजिने आणि हडसन नदीतल्या शिडाच्या बोटी, ह्या दोन गोष्टींनी त्याला वेड लावले होते, आणि ते वेड मरेपर्यंत गेले नाही. तो इंजिने काढी, बोटी काढी, लहान बोटी करून पाण्यात सोडी.

१८८७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला जर्मनीला धाडण्यात आले. उद्देश स्पष्ट होता. लाइपझिगला जावयाचे आणि संगीताचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे. लाइपझिग म्हणजे योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे जेथे काढली ते गाव. पाश्चात्त्य संगीताची काशीच म्हणा. मुलगा हॅम्बुर्गला उतरला आणि तेथल्या कला-उद्योग शाळेत त्याने चित्रकलेसाठी नाव घातले! पुढच्याच वर्षी तो बर्लिनच्या कला अकादमीत गेला. लाइपझिगचा संगीताचा विद्यार्थी काही तो झाला नाही.

त्यानंतर बर्लिन, मध्ये काही काळ बेल्जियम, मग पॅरिस, पुन्हा बर्लिन. पोट भरण्यासाठी त्याने चित्रे काढावयास घेतली. १८९४ पासून अमेरिकेतल्या एका मुलांच्या नियतकालिकात आणि मग बर्लिनच्या ‘उल्क’, ‘लुस्टिगे ब्लेटर’ अशा विनोदी साप्ताहिकांत. थोड्याच वर्षांत बर्लिनच्या आघाडीच्या व्यंगचित्रकारांत त्याची गणना होऊ लागली. पैसा मिळू लागला, पण एक शल्य होते. राजकीय व्यंगचित्राची कल्पना बहुधा संपादकाची असे. याने ती फक्त हाताने उतरवावयाची. दुसऱ्याने बांधलेली चीज दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे गावी, स्वतःची एक तानही घेऊ नये, असा तो प्रकार. त्याला तो जाचे.

आणि येथे त्याच्या मदतीला आले शिकागोचे एक वृत्तपत्र. अमेरिकेत त्या काळी रविवारच्या अंकाबरोबर रंगीत हास्यचित्रांची पुरवणी देण्याची मोठी चुरस लागली होती. आपल्या आजच्या वृत्तपत्राहून मोठे पान, ते सबंध एकाच चित्रमालिकेला, आणि तेही रंगांत! ‘शिकागो ट्रिब्यून’चा संपादक जेम्स कीली याने विचार केला की, आपल्या शहरात जर्मन वंशाचे लोक एवढे आहेत, तर जर्मनीतूनच चित्रकार आणावे. तो तेथे गेला आणि त्याने काही चित्रकारांशी करार केले. त्यांत हा जर्मनीत राहणारा अमेरिकनही होता. वय चौतीस. या कराराच्या पैशावर तो पॅरिसला जाऊन राहिला आणि तेथून पाने पाठवू लागला.

२९ एप्रिल १९०६ रोजी पहिले पान आले, ते नुसते ओळख करून देणारे. त्यात त्याने स्वतःलाच काढले आहे. लांबुडका, हडकुळा, आणि हातात कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या. दोऱ्यांना मालिकेतली सगळी पात्रे लोंबत आहेत. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या नाचवितात. तसाच हा सूत्रधार आपली सगळी मंडळी प्रेक्षकांपुढे आणतो. संपादकाच्या हुकमाने चित्रे काढणाऱ्याच्या हाती आता दोऱ्या आल्या होत्या, एवढे त्या चित्रावरून मला वाचता येते.

मालिकेचे नाव ‘द किन-डर-किड्स’. जर्मन भाषेत ‘किंडर’ म्हणजे मुले आणि इंग्रजीत ‘किड्स’ म्हणजेही मुलेच. शिकागोच्या दोन्ही वाचकांना एकदम खूश करणारी ही कोटी. गोष्ट अशी. काही मुले घरातला न्हाणीचा टब समुद्रात लोटतात आणि त्यात बसून जगाच्या सफरीला निघतात. त्यांत एक डॅनियल वेब्स्टर आहे, पुस्तकात नाक खुपसून बसणारा. त्याच्यापाशी आखूड पायांचा लांबलचक कुत्रा. एक पाय-माउथ आहे, तो सदा खात असतो. एक ताकदवान टेडी आहे. त्या वेळचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पहेलवानी बाण्याची ती थट्टा. एक आहे चावी दिली की चालणारा यांत्रिक पोर. आणि या सर्वांच्या मागे लागली आहे जिम-जॅम आत्या, हातात एरंडेलाची बाटली घेऊन! आपल्या लहानपणच्या रविवार सकाळी आठवा, म्हणजे ह्या बाईचे भय शिकागोपासून सोलापूरपर्यंत सारखेच आहे हे पटेल.

आता हे वाचून आपण म्हणाल, गंमत आहे. पण यात संगीत कोठे आले? ते सांगण्यासाठी मला दोन गोष्टी थोड्या सविस्तर सांगाव्या लागतील. एक चित्रमालिकेविषयी, दुसरी पाश्चात्त्य संगीताविषयी.

भिंतीवरचे चित्र आपण एका दृष्टिक्षेपात पाहतो. एकचित्री व्यंगचित्रही तसेच. शि. द. फडणीसांचे एखादे निःशब्द चित्र डोळ्यांपुढे आणा. ते पाहिले, कळले, हसलो. टाळी एकदम पडते. चित्रमालिकेचे तसे नाही. ‘चिंटू’ ही मालिका १९९१ साली मराठी वृत्तपत्रात सुरू झाली आणि कितीतरी घरांत सकाळच्या चहाबरोबर वाचली गेली. तिच्या तीन-चार चौकटी आपण कशा पाहतो? डावीकडून उजवीकडे, एकामागून एक. पहिल्या चौकटीत मुखडा मांडला जातो, पुढच्या चौकटीत तो वाढतो, एखादी चौकट मुद्दाम रिकामी, बोलण्याशिवाय ठेवलेली असते, आणि शेवटच्या चौकटीत सम येते. ती न बोलणारी चौकट म्हणजे तबल्यातली खाली होय. ती काढून टाका, समेवर हसू येणार नाही. म्हणजे चित्रमालिका ही कागदावर काढलेली असली तरी ती काळात घडणारी कला आहे. तिला लय असते. चौकट रुंद केली की क्षण लांबतो, अरुंद चौकटी ओळीने लावल्या की लय द्रुत होते.

आणि पाश्चात्त्य संगीत शिकणारा मुलगा नवव्या वर्षापासून रोज काय पाहतो? आपल्याकडे विद्या कानाने घ्यावयाची, गुरूच्या तोंडून. कागद नंतर आला, आणि आला तोही अर्धवट. त्यांच्याकडे मुलाच्या पुढे पहिल्या दिवसापासून छापील पान असते. पाच आडव्या रेषा. स्वर उंच असला की टिंब वर, खर्जातला असला की खाली. काळ मात्र डावीकडून उजवीकडे सरकत जातो. मधूनमधून उभ्या रेघा येतात, त्या मात्रांचे गट पाडतात. पाने तशी, ओळीखाली ओळ. चार वादकांचे संगीत असले तर चौघांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात, आणि जाणता वाचक आडवे वाचताना उभेही पाहतो: हा हे म्हणतो आहे त्याच क्षणी तो काय म्हणतो आहे?

रविवारचे चित्रमालिकेचे पान याहून फारसे निराळे नसते. आडव्या ओळी, त्यांना तोडणाऱ्या उभ्या रेघा, डावीकडून उजवीकडे जाणारा काळ. व्हायोलिन शिकलेल्या मुलाला हे पान परके कसे वाटावे? जे वाचीत तो लहानाचा मोठा झाला होता तेच पान त्याला आता भरावयास मिळाले, फक्त टिंबांच्या जागी माणसे काढावयाची होती. त्याची माणसेही पाहा. ती लांबट, टोकदार, एका बाजूला कललेली, पाय ताणून निघालेली असतात. उभ्या असलेल्या माणसालाही कुठेतरी जावयाचे आहे असे वाटते.

आता दुसरी गोष्ट. पाश्चात्त्य संगीतात ‘फ्यूग’ नावाचा एक रचनाप्रकार आहे. बाखने तो कळसाला नेला. आपल्या श्रोत्यांना तो समजणे प्रथम जरा जड जाते, कारण आपले संगीत एका सुरावटीचे. गवई गातो, सारंगी मागून येते, ती सावली असते. पोवाड्यात शाहीर म्हणतो आणि झीलकरी झील धरतात. पण झील धरली की शाहीर थांबतो, दम घेतो. फ्यूगमध्ये कोणी थांबत नाही. पहिला आवाज एकटाच एक ओळ म्हणतो. ती झाली की दुसरा आवाज तीच ओळ पंचमावरून म्हणू लागतो. पण पहिला गप्प बसत नाही, तो त्याच्या जोडीला दुसरेच काही म्हणत पुढे जातो. मग तिसरा येतो, चौथा येतो. कधी ओळ उलटी होते, आरोहाचा अवरोह होतो. कधी ती दुप्पट संथ होते, कधी दुगुनीत येते. कधी पहिल्याचे वाक्य संपण्याच्या आतच दुसरा मध्ये घुसतो. आणि एवढ्या गर्दीत प्रत्येक आवाज निराळा ऐकू येत राहिला पाहिजे, ही त्यातली खरी परीक्षा.

या प्रकाराचे नाव कोठून आले? लॅटिनमधल्या ‘फुगा’ या शब्दावरून. त्याचा अर्थ आहे पळ काढणे, पलायन. एक आवाज पळतो, दुसरा त्याच्या मागे लागतो.

आता पुन्हा टबाकडे वळा. मुले पुढे पळत आहेत आणि आत्या मागे लागली आहे. आठवड्यामागून आठवडे हाच एक विषय! मला स्वतःला हे लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कारण मग ती पात्रेही निराळी दिसू लागली. प्रत्येकाची एक ठरलेली ओळ आहे आणि तो ती कुठल्याही प्रसंगात सोडीत नाही. आग लागो, वादळ येवो, वेब्स्टर वाचतो आहे. तो लांबलचक खर्जातला स्वर. पाय-माउथ खातो आहे. टेडी दंड फुगवितो आहे, तो आघात. चावीचा पोर खटखट चालला आहे; तो ठेका. चौघेही एकाच चौकटीत आपापले म्हणत असतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. वाचक एकदा सगळा गोंधळ पाहतो, मग एकेकाच्या मागे डोळे नेतो आणि पुन्हा हसतो.

येथे एखादा चिकित्सक श्रोता उठून विचारील की, ‘अहो, पाठलाग कुठल्या विनोदी चित्रांत नसतो? त्याला व्हायोलिन कशाला शिकावे लागते?’ प्रश्न रास्त आहे. फायनिंगरच्या आधी नऊ वर्षे, १८९७ साली, रुडॉल्फ डर्क्स या चित्रकाराने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ‘कॅट्झनजॅमर किड्स’ ही मालिका सुरू केली होती. तीही जर्मन वळणाच्या व्रात्य मुलांचीच. विल्हेल्म बुशच्या १८६५ सालच्या ‘माक्स आणि मोरित्स’ या चित्रकथेवरून स्फुरलेली. तिच्यात मुले दर आठवड्याला खोडी काढतात आणि बहुतेक दर आठवड्याला शेवटच्या चौकटीत मार खातात. फार धमाल मालिका आहे आणि लोकप्रियतेत तिने फायनिंगरला कितीतरी मागे टाकले. पण तिची लय म्हणजे ठेका. आवर्तन पुरे झाले, समेवर धपाटा पडला, पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. फायनिंगरचे पान संपते तेव्हा काही संपलेले नसते. मुलांची ओळ पुढे चालू असते, आत्याची ओळ मागून चढत असते. मी म्हणतो तो फरक हा. हे माझे मत आहे. त्याने स्वतः या मालिकेला कुठे फ्यूग म्हटले, असा माझा दावा नाही. पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून आपणच निवाडा करावा.

त्याने त्याच वर्षीच्या ऑगस्टात दुसरी मालिका सुरू केली, ‘वी विली विंकीज वर्ल्ड’. हिच्यात पाठलाग नाही, आत्या नाही, खोडी नाही. एक लहान मुलगा फिरावयास जातो आणि त्याला सगळ्या वस्तूंना तोंडे दिसतात. घरांना, झाडांना, ढगांना, इंजिनांना. मावळता सूर्य थकलेला असतो, घरे जांभया देतात. ही मालिका विनोदी आहे की नाही याविषयीच मला शंका आहे. तिची लय आलापासारखी आहे. सावकाश, काही घडावे अशी घाई नसलेली. खुद्द मजकूरही पात्रांच्या तोंडी न घालता चित्रांच्या जोडीला काकाने गोष्ट सांगावी तसा लिहिला आहे. दोन मालिका एकाच वेळी, एकीत द्रुत, दुसरीत विलंबित, असा त्याचा काही महिने रियाज चालला होता.

मग एके दिवशी सगळे थांबले. ‘किन-डर-किड्स’चे शेवटचे पान १८ नोव्हेंबर १९०६ चे. गोष्ट अर्धवट. विली विंकी १९०७ च्या जानेवारीपर्यंत टिकला. दोन्ही मिळून वर्षभराचेही काम नव्हे. चित्रमालिकांच्या इतिहासाला मात्र ती पाने विसरता आली नाहीत. पुढे त्यांची पुस्तके निघाली आणि आज ती पाने थोरामोठ्या संग्रहालयांत काचेखाली आहेत. ज्या कागदात शिकागोच्या वाण्याने सोमवारी साखर बांधली असेल, तोच कागद!

एक शब्द आपल्याकडचाही सांगतो, कारण तो ओघाने आला. संगीत आणि व्यंगचित्र ही जोडी आपल्याला अपरिचित नाही. ज्यांच्या चालींवर महंमद रफींनी मराठी गाणी गायिली ते संगीतकार श्रीकांत ठाकरे हे व्यंगचित्रेही काढीत, आणि १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाच्या उभारणीत बंधूंच्या बरोबर होते. त्यांच्या रेषेत त्यांचे संगीत कुठे कुठे उतरले आहे याचा अभ्यास कुणा तरुणाने करावा. तो विषय माझ्या आजच्या वेळेत मावणारा नाही.

मालिका संपल्यावर फायनिंगर तैलरंगांकडे वळला. तीसपस्तिशी उलटलेला माणूस, व्यंगचित्रकार म्हणून नाव झालेला, नव्याने चित्रकार होऊ लागला. प्रथम त्याने काय रंगविले? तीच माणसे! उंच टोप्यांची, लांब तंगड्यांची, कललेली माणसे, आता कॅनव्हासवर मोठी झालेली. १९१२ सालचे ‘सायकलींची शर्यत’ हे चित्र घ्या. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. सायकलस्वार एकामागून एक वाकलेले. एक पाठ, तिच्यामागे तशीच दुसरी पाठ, तिच्यामागे तिसरी. चाकांची वर्तुळे एकमेकांना छेदून जाणारी. एकच ओळ निरनिराळ्या आवाजांनी धरलेली आहे, आणि पहिल्याची संपण्याआधी दुसऱ्याची सुरू झाली आहे. याच्या मागे मला तो न्हाणीचा टब स्पष्ट दिसतो.

पुढे माणसे हळूहळू लहान झाली आणि इमारती वाढल्या. जर्मनीत वायमार गावाजवळ गेल्मेरोडा नावाचे खेडे आहे. तेथे एक साधे देऊळ, म्हणजे चर्च; त्याचा सुईसारखा निमुळता मनोरा. वायमारच्या परिसरात फायनिंगर प्रथम फिरला ते १९०६ साली, टबाची गोष्ट चालू होती त्याच वर्षी. १९१३ पासून त्याने त्या चर्चची तैलचित्रे काढावयास घेतली आणि त्यांना नावे न देता नुसते रोमन आकडे दिले: गेल्मेरोडा एक, दोन, तीन. तेरावे चित्र १९३६ सालचे आहे. तेवीस वर्षे एकच मनोरा! आपल्याकडे एखादा बुजुर्ग गवई जन्मभर यमन गातो आणि म्हणतो की अजून कळला नाही, तसे हे. मनोरा कधी उलटा पडतो सावलीत, कधी दुप्पट ताणला जातो, कधी प्रकाशाच्या तिरप्या पट्ट्यांनी तुटून तीन ठिकाणी उमटतो.

१९१९ साली वॉल्टर ग्रोपियस याने वायमारला बाउहाउस ही शाळा काढली. पहिल्या नेमणुकांत फायनिंगर होता आणि शाळेच्या जाहीरनाम्यावर छापलेले कॅथीड्रलचे लाकडी ठशाचे चित्र त्याचेच. तेथे पॉल क्ले सहकारी म्हणून आला, तोही पट्टीचा व्हायोलिनवादक. ऐन तारुण्यात बर्नच्या वाद्यवृंदात वाजविलेला. त्या शाळेतल्या संध्याकाळी कशा असतील याची कल्पना करा. फायनिंगरच्या घरी हार्मोनियम होते, आपल्या पायपेटीच्या जातीचे, आणि त्यावर तो बाख वाजवीत बसे. या मंडळींची चित्रे आपल्या देशातही आली होती. १९२२ सालच्या डिसेंबरात कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या चित्रकारांचे काम मांडले गेले, त्यात फायनिंगरही होता. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथांच्या कलकत्त्यात ती चित्रे शेजारी शेजारी लागली.

आणि आता ज्यासाठी मी इतका वेळ आपल्याला थांबविले ती गोष्ट. १९२१ साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीत, या माणसाने संगीतरचना करावयास घेतली. चौतीस वर्षांपूर्वी लाइपझिगला जावयाचे सोडून जो हॅम्बुर्गला उतरून पडला, त्याने आता कागदावर पाच रेषा आखल्या. लिहिले काय? गाणे नव्हे, नाचाची सुरावट नव्हे. फ्यूग! एक झाला, दुसरा झाला. पुढच्या काही वर्षांत त्याने डझनभर फ्यूग रचले, आणि ते मैफलीत वाजविलेही गेले. गुरूशिवाय, संगीतशाळेशिवाय, पन्नासाव्या वर्षी माणूस हा सर्वांत बिकट प्रकार हाती घेतो, तेव्हा तो प्रकार त्याच्या अंगात आधीपासून वावरत असला पाहिजे. मधल्या चौतीस वर्षांत तो कोठे होता? माझे उत्तर आपण ओळखले असेल. तो टबात होता, सायकलींवर होता, गेल्मेरोडाच्या मनोऱ्यात होता. संगीतावाचून आपण चित्रकार झालोच नसतो, अशा अर्थाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि बाखचे सार आपल्या चित्रांत उतरते असेही तो मानी.

एका गोष्टीची मात्र मला चुटपुट लागते. टीकाकार त्याच्या चर्चच्या चित्रांत बाख शोधतात. तसे करणे शोभते, चर्च आणि बाख जुळते. एरंडेलाच्या बाटलीत बाख शोधावयास कोणी धजत नाही. पण हाताला वळण लागले ते तेथे. दर आठवड्याला ठरल्या दिवशी पान पुरे करावयाचे, वाचक हसला पाहिजे, आणि चौघेजण एकदम बोलत असताना एकही हरवता कामा नये, ही तालीम त्याला दुसऱ्या कोणत्या शाळेने दिली असती?

पुढचे थोडक्यात सांगतो. हिटलरची राजवट आली. फायनिंगरची पत्नी यूलिया ही ज्यू कुळातली. १९३७ साली तो जर्मनी सोडून न्यूयॉर्कला परतला. त्याच वर्षी म्युनिकला नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून जे प्रदर्शन भरविले त्यात त्याची चित्रे टांगली, आणि सरकारी संग्रहालयांतली त्याची शेकडो कामे जप्त केली. सोळाव्या वर्षी सोडलेल्या गावी तो सहासष्टाव्या वर्षी येऊन राहिला. तेथे त्याने गगनचुंबी इमारती रंगविल्या, बोटी रंगविल्या. आणि अगदी म्हातारपणी पुन्हा छोटी छोटी, काडीसारखी, टोप्या घातलेली भुतासारखी माणसे काढून तो मित्रांना पाठवू लागला. व्यंगचित्रकार परत आला होता. १३ जानेवारी १९५६ रोजी तो वारला.

यूलियापासून त्याला तीन मुलगे झाले. थोरला आंद्रेआस नामांकित छायाचित्रकार झाला, धाकटा लक्स चित्रकार झाला. मधला लॉरेन्स १९०९ साली जन्मला. लहानपणी याच्यासाठी आणि भावांसाठी बापाने लाकडाची घरे, पूल, माणसे आणि इंजिने कोरून एक अख्खे गाव करून दिले होते. तो लॉरेन्स संगीताचा संशोधक झाला, पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला, आणि इटलीतल्या ट्रेंटो शहरी राहून त्याने चर्चच्या जुन्या संगीताची हस्तलिखिते आणि ग्रंथ जमविण्यात आयुष्य घालविले. १९७६ साली तो गेला. ट्रेंटोला त्याचा संग्रह त्याच्याच नावाने आजही जतन केलेला आहे. फायनिंगरांच्या घरी आजोबांपासून सुरू झालेली ओळ नातवाने अशी पुन्हा उचलली.

टबातली मुले मात्र अजून पळतच आहेत. १८ नोव्हेंबर १९०६ नंतरच्या रविवारी शिकागोच्या पोरांनी पान उलटले असेल तेव्हा तेथे दुसरेच काही होते; आणि आत्याने त्यांना गाठले की नाही, ते चित्र फायनिंगरने पुढच्या पन्नास वर्षांत काढले नाही.